सुटीची पंगत आणि थरांची कोशिंबीर

वर्षभर दुकानाच्या वेळेप्रमाणे पाळीपाळीने जेवणारे व्यापारी कुटुंब २६ जानेवारीला एका पंगतीत बसते. पेढी बंद असते, मुले घरी असतात, सासरी गेलेल्या लेकी जावयांसह आलेल्या असतात. चौविहार पाळणाऱ्या घरात मात्र या पंगतीला सूर्यास्ताची मर्यादा असते आणि पुण्याकडे त्या दिवशी सूर्य साडेसहापूर्वीच मावळतो. शेवटच्या पाहुण्यापर्यंत गरम पोळी पोहोचावी म्हणून सून ओट्याशी उभी राहते. तिचे पान मांडले जाईपर्यंत खिडकीतला उजेड सरलेला असतो. मग पंगत जिने उभी केली, तीच उपाशी राहून पच्चक्खाण घेते.

पोळी ऐन वेळीच करावी लागते. कोशिंबीर मात्र आधी होऊ शकते. नेहमीची कोशिंबीर आधी केल्यास पाणी सुटते, कारण मीठ चिरलेल्या भाजीतील पाणी ओढून घेते. यावर अमेरिकेतील गृहिणींनी एक सोपी युक्ती रूढ केली आहे. सणाच्या जेवणासाठी त्या काचेच्या भांड्यात भाज्यांचे थर रचतात, वरून दाट आवरण पसरतात आणि वाढेपर्यंत काहीही कालवत नाहीत. त्यांच्या पाककृतीत अंडी, मांस व कांदा असतो. तो सर्व भाग वगळून केवळ रचना घ्यावी.

आठ माणसांसाठी एक लिटर दही सकाळी फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगावे. तीन काकड्या बिया काढून, तीन टोमॅटो गर काढून आणि दोन ढोबळ्या मिरच्या बारीक चिराव्यात. दोन वाट्या मक्याचे दाणे उकडून, निथळून, फडक्यावर पूर्ण कोरडे करावेत. काचेच्या भांड्यात तळाशी काकडी, त्यावर टोमॅटो, मग मका, ढोबळी मिरची आणि शेवटी एका मोठ्या डाळिंबाचे दाणे असा क्रम ठेवावा. पाणी सुटणाऱ्या भाज्या तळाशी राहिल्याने वरचे थर भिजत नाहीत. डाळिंबाचे दाणे अखंड असल्याने चक्क्याखाली तेच योग्य. चक्क्यात जिरेपूड, मिरपूड व थोडी साखर घालून तो कडेपर्यंत पसरावा. मीठ मुळीच घालू नये. ते वाढताना, कालवतेवेळी घालावे.

मूळ कृतीतील मटार येथे घेऊ नयेत. कच्च्या दह्याबरोबर ते द्विदल ठरतात. मोड आलेली कडधान्ये आणि कंदमुळे अर्थातच नकोत. त्या दिवशी अष्टमी किंवा चतुर्दशी असल्यास हिरवी भाजी न चिरणाऱ्या घरांनी हा बेत दुसऱ्या सुटीवर न्यावा. पूर्वतयारी म्हणजे आदल्या रात्रीची तयारी नव्हे. भांडे दुपारी एकच्या सुमारास भरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे व त्याच दिवशी संपवावे.

पाच वाजता पाने मांडली की भांडे थेट पंगतीत न्यावे. पारदर्शक काचेतून थर दिसतात, म्हणून मुले कुतूहलाने जवळ येतात. मीठ घालून कालवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. पोळ्यांसाठी घरातील दोघांनी आळीपाळीने तव्यापाशी उभे राहावे. त्यांत एक पुरुष असल्यास बिघडत नाही. व्यवहारात वेळेवर चुकते केलेले देणेच खरे मानतात. सुनेचे पान सूर्यास्तापूर्वी सर्वांबरोबर मांडले जावे, हेही घराचे तसेच एक देणे आहे.