पेंढ्याची प्रत कापणीच्या उंचीवर ठरते

छत्तीसगडच्या मैदानी भागात ज्याला पैरा म्हणतात, पूर्व विदर्भात तणस आणि कोकणात पेंढा, तो भाताचा वाळलेला काड या सर्व प्रदेशांतील गाई-बैलांचा मुख्य वैरणीचा आधार आहे. रायपूर परिसरात दर कापणीला त्याची चर्चा होते, पण ती बहुधा ‘जाळू नका, गोठाणांना दान करा’ एवढ्यावर थांबते. दान केलेला पैरा जनावराला कितपत पचतो, हा प्रश्न मागे राहतो. तो किती उंचीवरून कापला गेला, हे तर कोणी विचारतच नाही.

भाताच्या पेंढ्यात कच्ची प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना तंतू पचवण्यासाठी नत्र लागते. आहारातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली, की त्यांचे काम मंदावते, चारा पोटात रेंगाळतो आणि पोट भरलेली गाय उपाशीच राहते. त्यात सिलिकाची भर. ज्वारीच्या कडब्यात पान पौष्टिक आणि ताट चिवट, हा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. भातात मात्र हा हिशेब उलटतो. सिलिका पानांत अधिक साठते, त्यामुळे पानांपेक्षा खोडाचा भाग अधिक पचतो. म्हणजे हार्वेस्टर फूटभर धसकट मागे सोडतो, तेव्हा वैरणीतील चांगला हिस्सा शेतातच राहतो आणि पाने अधिक असलेला वरचा भाग गोठ्यात येतो.

याच धसकटांत खोडकिडीचा मुक्काम असतो. गाभेमर आणि पळींज घडवणाऱ्या पिवळ्या खोडकिडीच्या अळ्या पीक पक्व होताना खोडात खाली सरकतात आणि बुंध्याजवळ सुप्तावस्थेत राहतात. भात जमिनीलगत कापावे, नंतर नांगरट करून धसकटे गोळा करावीत, ही पीक संरक्षणाची शिफारस म्हणूनच जुनी आहे. पशुपोषण आणि कीटकशास्त्र येथे एकच गोष्ट सांगतात, परंतु ती शेतकऱ्यापर्यंत दोन वेगळ्या विभागांकडून, वेगळ्या हंगामात आणि निम्म्या जोराने पोहोचते. कीड नियंत्रणासाठी खाली वाकायला सांगितले, तर मजुरी आठवते. दुधाचा हिशेब सोबत मांडला असता, तर कदाचित ऐकले गेले असते.

अडचणी खऱ्या आहेत. पाते खाली आणले, की यंत्रात काड अधिक शिरते, गती कमी होते, डिझेल वाढते आणि उंचसखल बांधीत पाते मातीला लागण्याची धास्ती असते. उतेरा पद्धतीने उभ्या भातात लाखोळी पेरली असेल, तर जमिनीलगतची कापणी कोवळी रोपेच छाटेल. तेथे कापणी रोपांच्या वरूनच हवी. त्या शेतात खोडकिडीचा धोका काहीसा पत्करावा लागतो, पण लाखोळीचा पाला पैऱ्यासोबत दिला, तर प्रथिनांची उणीव काही अंशी भरून निघते. इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा ‘महातिवडा’ हा कमी विषांशाचा वाण त्यासाठी उपलब्ध आहे.

खाली कापलेला पेंढाही भिजला, तर वाया जातो. अवकाळी पावसात ओला राहून बुरशी धरलेली गंजी खाऊ घातल्याने, विशेषतः म्हशींमध्ये, शेपटी, कान आणि खूर सडवणारा देगनाला रोग उद्भवतो. फ्युजेरियम बुरशीशी त्याचा संबंध जोडला जातो. अशा पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करून तो सुधारेल, ही समजूत घातक आहे. प्रक्रिया चांगल्या, वाळलेल्या पेंढ्यासाठीच आहे: १०० किलोस ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडावा, दाबून हवाबंद झाकावे, २१ दिवसांनी उघडावे आणि वास उडाल्यावरच हळूहळू द्यावे. सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये.

प्रात्यक्षिकांची पत्रके बहुधा येथून सुरू होतात, गंजीपासून. त्याआधीचा निर्णय यंत्राच्या भाड्याच्या बोलणीत होऊन गेलेला असतो. एकरी दर ठरवतानाच पात्याची उंचीही ठरवून घ्यावी आणि कमी उंचीसाठी वाढीव दर मागितला गेला, तर मिळणाऱ्या जादा पेंढ्याची किंमत त्यातून वजा करून पाहावी. विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात एखाद्या गावात दोन शेजारच्या बांध्या दोन उंचींवर कापून पेंढ्याचे वजन आणि धसकटातील अळ्या, दोन्ही मोजावेत. त्याला तराजू, विळा आणि एक सकाळ पुरते.