हसवाले पोट्टी चालते, मग माईक कायले नाही?

राजेहो, मागं अकोल्यात एका कॉलेजच्या गॅदरिंगले मी परीक्षक होतो. एका पोट्टीनं अस्सल वऱ्हाडीत एकपात्री केलं. सासू, सून आन् तलाठी, तिन्ही आवाज एकटीचे. हॉल हसून हसून बेजार. तरी पहिलं बक्षीस हुकलं. कारण काय, तर "भाषा जरा शुद्ध पाहिजे." त्या निकालावर सही माझीही होती. ते अजून टोचतं, म्हणून लिहितो.

आता टीव्ही पाहा. २०१४ साली 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. नीलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, आपले भारत गणेशपुरे, आणि मुख्य टीममध्ये बाई एकच, श्रेया बुगडे. बाया कमी पडल्या की पुरुषच लुगडं नेसायचे. साबळे विनोदही करायचे आणि सूत्रसंचालनही. 'हास्यजत्रे'त विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांनी वर्षानुवर्षं हसवलं, सूत्रसंचालन प्राजक्ता माळीकडं. २०२२ मध्ये 'फू बाई फू' परत आलं, तेव्हा वैदेही परशुरामी. या दोघींवर राग नाही, त्या आपलं काम नीट करतात. निर्मिती सावंत परीक्षकाच्या खुर्चीत बसल्या, हेही खरं. पण हसवणारी बाई आणि कार्यक्रम चालवणारी बाई वेगळीच पाहिजे, हा नियम कोणी केला? पुरुषांले तो काहून लागू नाही?

अमृतसरची भारती सिंग पाहा. गरीब घरची. २००८ मध्ये लाफ्टर चॅलेंजमध्ये 'लल्ली' बनून आली. स्वतःच्या जाडीवर किती वर्षं विनोद करावे लागले तिले, ती किंमतही विसरू नका. पण आज 'लाफ्टर शेफ्स' तीच चालवते, आपल्या पंजाबी ढंगात. अमृतसरचा लहेजा चालतो, तर अमरावतीचा कायले नाही?

चॅनलवाल्यांले शिव्या देणं सोपं आहे. पहिली कात्री आपल्याच घरात लागते. भारतभाऊ वऱ्हाडी बोलले की आपण शिट्ट्या मारतो. तेच पोरगी बोलली की गावंढळ. "चारचौघात दात काढू नको" हे तिले आपणच शिकवतो. मग ती मुंबईपर्यंत पोचणार कशी?

गाडगे बाबांनी कीर्तनं वऱ्हाडीतच केली. लोक हसले, रडले, हातात झाडूही घेतला. त्यांचंच नाव आपल्या विद्यापीठाले दिलं. आणि त्याच विद्यापीठाच्या पट्ट्यात आपण पोरीचे गुण वऱ्हाडीसाठी कापतो! लाज वाटली पाहिजे. मले वाटते.

म्हणून यापुढं मी परीक्षक असलो तर "शुद्ध भाषे"च्या नावाखाली एकही गुण कापणार नाही. गणपती-नवरात्र मंडळांनी यंदा एक करावं. पोट्टीले दहा मिनिटांची नक्कल देऊन बसवू नका, अख्ख्या कार्यक्रमाचा माईक तिच्या हाती द्या, आन् तिच्या भाषेत बोलू द्या.

पटत नसन तर खाली भांडा. पण वऱ्हाडीत भांडा.