भाजल्याची वेळ लिहून ठेवा

गावात कुणी भाजले की आपली धावपळ ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी होते. कोणी शाई ओततो, कोणी तूप चोळतो, कोणी जीप शोधत फिरतो. माणूस किती वाजता भाजला, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. आणि पुढचा सारा हिशेब तर तिथूनच सुरू होतो.

अंगाचा मोठा भाग भाजला की रक्तातले पाणी आणि क्षार झिरपून जातात. ते सलाइनने भरून काढावे लागतात. पिकाच्या पाण्यासारखेच हे आहे. कमी पडले तर मूत्रपिंडे बंद पडतात. जादा झाले तर अंग सुजते, फुप्फुसात पाणी साचते. अमेरिकेतील डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयाच्या नावाचे सूत्र यासाठी जगभर माहीत आहे : ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजल्याचा टक्का. ६० किलोचा गडी ३० टक्के भाजला तर २४ तासांत ७२०० मिली. त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. गडी ३ तासांनी पोचला, तर ३६०० मिली उरलेल्या ५ तासांत द्यावे लागतात.

एवढ्याने भागत नाही. दर तासाची लघवी मोजून सलाइनची धार कमी-जास्त करावी लागते. रात्रपाळीच्या थकल्या डोक्याला हे जड जाते. म्हणून टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या लष्करी केंद्रात हे गणित संगणकावर घेतले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात, संगणकाच्या मदतीने सलाइन कमी लागले आणि लघवीचे प्रमाणही अधिक नीट राखले गेले. अर्थात संगणक सल्ला देतो; निर्णय डॉक्टरचाच.

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात असे यंत्र यावे, ही मागणी रास्तच आहे. पण भाजल्याची वेळच चुकीची सांगितली, तर यंत्र तरी काय करणार?

तेव्हा सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांनी एवढे मनावर घ्यावे. विजेने भाजले असेल तर आधी वीज तोडा. भाजल्या जागी २० मिनिटे साधे गार पाणी सोडा. बर्फ, शेण, टूथपेस्ट नको. मग बाकी अंग कोरड्या कापडाने झाका, १०८ ला फोन करा आणि चिठ्ठीवर भाजल्याची वेळ व अंदाजे वजन लिहून सोबत द्या. या चिठ्ठीला ना यंत्र लागते, ना अनुदान.