मांडीवरचा प्रवासी

घिवलीस एका घरी बाळाच्या बाप्तिस्म्यानिमित्त आम्ही गेलो होतो. लेक आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन आखातातून एकटीच माहेरी आली होती. आजी नातवाला क्षणभरही खाली ठेवीत नव्हती. आम्ही निघालो तेव्हा लेक म्हणाली, "फादर, आता हा शाळेत जाईपर्यंत मी यायची नाही. विमान उतरायला लागलं आणि हा जो रडायला लागला! सगळे माझ्याकडं असे बघत होते, जसा काही मी गुन्हाच केला." आजीने पदर डोळ्यांना लावला.

त्या नजरांविरुद्ध आम्हांला लिहावयाचे आहे. आणि प्रथम कबूल करावयाचे आहे की, एका विमानप्रवासात आमच्याही कपाळावर हीच आठी उमटली होती.

बाळ का रडते? विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका विरळ असतो. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. विमान उतरू लागले की हा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यावर ताण येतो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाच्या कानापासून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते आणि गिळण्याची युक्ती त्याला कोणी सांगितलेली नसते. उतरताना त्याला अंगावर पाजले तर बहुधा आराम पडतो. पण शंभर डोळे रोखलेले असताना कोणती आई निःसंकोचपणे पदराखाली घेईल? म्हणजे औषध आईजवळ असते आणि ते आपणच हिरावून घेतो!

आणि या तक्रारीचा आता बाजारही मांडला गेला आहे. एअरएशिया एक्सने 2013 साली काही रांगा शांततेसाठी राखून ठेवल्या. इंडिगोनेही 2016 मध्ये तसाच शांत विभाग जाहीर केला व बारा वर्षांखालील मुलांना तेथे मज्जाव केला. थकल्याभागल्या माणसाला विसावा हवा, हे आम्हांला मान्य आहे. परंतु ज्या विमानात मोठ्यांच्या झोपेसाठी रांगा राखता येतात, त्याच विमानात दोन वर्षांखालील बाळाला स्वतःचे आसन असलेच पाहिजे असा नियम नाही. ते आईच्या मांडीवर बसते. सामानसुद्धा कप्प्यात बंद करावे लागते!

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी येथे एक विमान कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना पायांजवळ जमिनीवर ठेवण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी एक दगावले. ती सूचना देणाऱ्या हवाईसेविका जॅन ब्राऊन पुढे अनेक वर्षे बाळांच्या स्वतंत्र आसनासाठी झटल्या. तेथील सरकारने सक्ती केली नाही. जादा तिकीट परवडले नाही तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक जीव जातील, असे कारण दिले गेले. युक्तिवाद पोकळ नाही. पण मग उपाय उघड आहे: बाळाचे आसन अल्प दरात द्या! त्यासाठी मात्र कोणी आवाज उठवीत नाही. आमचा सगळा आवाज बाळाच्या रडण्याविरुद्ध.

बोईसरला डहाणू-विरार गाडीच्या महिला डब्यात तान्हे मूल घेऊन बाई चढली की काय होते, हे वाचकांना ठाऊक आहे. उभे राहायला जागा नसते. तरी बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जाते आणि विरारपर्यंत त्याच्या दहा मावश्या होतात. तिकिटाची किंमत वाढली की माणुसकी घटते, असे समजायचे काय?

आणि हे केवळ विमानापुरते तरी आहे काय? मिस्सेच्या वेळी बाळ रडले की आमच्या मंदिरातही माना वळतातच. ज्याच्या बाप्तिस्म्याला आपण सारे साक्षी असतो, त्याचे रडणे आपल्याला परके कसे होते?

यापुढे शेजारच्या आसनावर बाळ रडू लागले, तर त्याच्या आईला एवढेच म्हणावे : "बाई, सावकाश पाजा, आम्हांला काही त्रास नाही." घिवलीच्या त्या आजीला नातू पुन्हा कधी दिसेल, हे कदाचित अशा एका वाक्यावरच ठरणार आहे.