पाट्या वर!

ज्यांचे प्राथमिक शिक्षण पाटीवर झाले त्यांना एक हुकूम अद्याप स्मरत असेल. गुरुजी तोंडी हिशेब घालीत, मुले पाटी छातीशी धरून उत्तर लिहीत, आणि 'पाट्या वर!' असे फर्मान सुटताच चाळीस पाट्या एकदम उंचावत. त्या क्षणी पहिल्या ओळीतील हुशार मुलाचे आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या मुलाचे उत्तर गुरुजींच्या एकाच दृष्टिक्षेपात येई, आणि कोणाचे चुकले एवढेच नव्हे, तर हातचा कोठे घ्यायचा राहिला हेही त्यांना तेथल्या तेथे उमगे. पुढे पाटी गेली आणि वही आली. वही मिटलेली असते, शिक्षकांपुढे ती दुसऱ्या दिवशी गठ्ठ्याने येते, आणि दरम्यान वर्गाचा सारा कारभार बोट वर करणाऱ्या पाचसहा जणांकडे जातो. ते उत्तरे देतात, गुरुजी शाबासकी देतात, धडा पुढे सरकतो. उरलेल्या पस्तीस जणांची साक्ष काय ती हजेरीपट देतो.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने सुमारे पन्नास वर्षांपूर्वी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासून दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. ती वाट तीन सेकंदांपर्यंत लांबविली तर उत्तरे दीर्घ होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय असलेले सामायिक ऑनलाइन पान माझ्या मते या थांबण्याचेच साधन आहे, आणि त्याचे मोलही तेवढ्यापुरतेच आहे.

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत, माझ्या एका शिक्षक स्नेह्यांच्या नववीच्या भूगोलाच्या जोडतासाला बसण्याचा योग आला. संगणक कक्षाची किल्ली बऱ्याच शोधाशोधीनंतर एका खणात सापडली. आत आठ संगणक, पैकी एक बंद. मुले बेचाळीस, म्हणजे एका संगणकापुढे सहा. सरांनी गूगल डॉक्सवर बेचाळीस ओळींचा तक्ता मांडून प्रत्येक ओळीपुढे एकेक हजेरी क्रमांक घातला होता. प्रश्न असा : महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या घरात, हे कसे? पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचे, आणि मग कीबोर्ड हातोहात फिरवीत तेच पानावर उतरवायचे, असा त्यांचा शिरस्ता. वहीचा हा टप्पा गाळला असता तर जलद टंकणाऱ्या एकाने उरलेल्या पाचांचे विचार परस्पर निकालात काढले असते, हे मी शेजारी बसून पाहिले.

बेचाळीस ओळी भरल्या. त्यांपैकी एकोणीस ओळींत 'पर्जन्यछायेचा प्रदेश असल्यामुळे' हे पाठ्यपुस्तकी वाक्य अक्षरशः एकच होते. बोट वर करण्याच्या रीतीने तास चालता, तर यांतील एकाने हे वाक्य म्हटले असते, ते बरोबर ठरले असते आणि विषय संपला असता. नाव ठाऊक असणे आणि कारण ठाऊक असणे यांतली तफावत एकोणीस वेळा डोळ्यांपुढे येण्याची संधी सरांना मिळाली नसती. एकतिसाव्या ओळीत मात्र एवढेच होते : 'माझ्या मामाच्या गावाला ढग येतात पण रिकामे येतात.' मामाचे गाव म्हसवडकडचे, म्हणजे त्याच माण तालुक्यातले. ही मुलगी जूनपासून वर्गात स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती, असे सरांनी मला नंतर सांगितले. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, लिहिणारीचे नाव उच्चारले नाही, आणि दुसरा प्रश्न घातला : 'मग हे ढग रिकामे झाले कुठं?'

मध्यंतरी एका चावट हाताने कोणाची तरी ओळ पुसली. आवृत्त्यांचा इतिहास उघडताच, तलाठ्याच्या फेरफार नोंदीप्रमाणे, काय होते आणि केव्हा गेले हे दिसले व ओळ परत आली. परंतु मुलांनी खाते न उघडता प्रवेश केलेला असल्यामुळे पुसणारा अनामिकच राहिला. लिहिणाऱ्याचे नाव सोबत्यांपासून झाकलेले आणि शिक्षकाला ठाऊक असलेले बरे, असे माझे मत त्या दिवशी पक्के झाले. चुकण्याची भीती सोबत्यांच्या हसण्यातून येते, आणि बेजबाबदारी कोणीच पाहत नसल्यातून.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, तेव्हा त्यांचा पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड घरोघरी चर्चेचा विषय झाला. त्या कोडाने आशय मुलापर्यंत पोहोचविला, आणि ते काम लहान नव्हे. मुलाकडून वर्गाकडे येणारी उलटी वाट मात्र अजून अरुंदच आहे, आणि ती रुंद करण्याऐवजी आपण भिंतीएवढे स्मार्ट बोर्ड मंजूर करून घेतो, ज्यांना बहुधा शिक्षकाखेरीज कोणाचा हात लागत नाही. असा एक बोर्ड की सात चालू संगणक, असा मामला माझ्यापुढे आला तर मी बेलाशक संगणक मागेन.

सामायिक पानावर लिहिण्याचे हे काम घरी सोपविण्यास मात्र माझा विरोध आहे. टाळेबंदीच्या काळात आपण सर्वांनी पाहिले, की घरातला एकुलता मोबाइल सकाळी बापाबरोबर कामावर जातो. अशा घरातल्या मुलाची ओळ रिकामी राहिली तर तो कसूर कोणाचा मानायचा? मराठी टंकायला वेळ लागतो म्हणून पुष्कळ मुले रोमन अक्षरांत मराठी लिहितात. पहिल्या कच्च्या विचाराला ती मुभा असावी, शुद्धलेखनाचा हिशेब मागाहून. आणि साधनावर फार जीव लावू नये : गूगलचा जॅमबोर्ड हा सामायिक ऑनलाइन फळा कित्येक शिक्षकांनी हौसेने आत्मसात केला आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी तो कायमचा बंद झाला. वहीत आधी लिहायचे आणि कीबोर्ड फिरवायचा, ही रीत कोणत्याही कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही.

त्या दिवशी दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे पानावर उतरू लागली होती. बाहेर पावसाचा जोर वाढला, आणि प्रत्येक संगणकापाशी शेवटच्या मुलाच्या हाती कीबोर्ड येतो न येतो तोच वीज गेली. सातही पडदे काळे पडले. मुलांनी ओरडून घेतले. सर खिडकीपाशी उजेडाला सरकले, ज्यांचे लिहायचे राहिले होते त्या सात जणांना त्यांनी उभे केले आणि म्हणाले, 'वह्या वर!'