नोंदवही कुणाच्या हातात?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या सहा जणांच्या टीमने मराठवाड्यातल्या एका गावात पिण्याच्या पाण्याचा अभ्यास केला. कामं कुणी ठरवून वाटली नाहीत, ती आपोआप वाटली गेली. ज्याचं इंग्रजी सफाईदार, त्याच्याकडे नोंदवही. ज्याच्याकडे लॅपटॉप, त्याच्याकडे नकाशा आणि जीपीएस. सरपंचांशी बोलायला ज्याचं आडनाव गावात चालण्यासारखं होतं, तो पुढे झाला. माझ्या वाट्याला आलं बाटल्या विसळणं, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवणं आणि ‘वस्तीतल्या बायकांशी तू बोल’. कुणी वाईट वागलं नाही. डबे एकत्रच खाल्ले. पण चौथ्या दिवशी लक्षात आलं, की एवढ्या बाटल्या हाताखालून गेल्या आणि त्यातल्या एकाही आकड्याचा अर्थ मला लावता येत नाही.

पर्यावरण संशोधन हे हाताने शिकायचं काम आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाटलीत हवेचा बुडबुडा राहून चालत नाही, आणि पहिली रसायनं तिथेच काठावर टाकावी लागतात. जिवाणूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असते. ती विसळायची नसते, बर्फाच्या पेटीतून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची असते. हातपंपाचा नमुना घेण्याआधी नळीत साचलेलं पाणी हापसून काढून टाकावं लागतं. पुस्तकात हे सगळं असतं, पण कळतं ते चुकल्यावर, शेजारी कुणी सांगणारं असेल तर. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असं सांगणारं कुणी नव्हतं. आपल्यासाठी टीम हीच शाळा.

कागदावर ही शाळा सगळ्यांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर यूजीसीने पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा केला. पन्नास तासिकांच्या त्या अभ्यासक्रमात पाच तासिका क्षेत्रभेटीसाठी होत्या. प्रत्यक्षात किती जण नदीवर किंवा कचरा डेपोवर गेले आणि किती जणांनी झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणून जमा केला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे खरं फील्डवर्क पदव्युत्तर वर्गात पहिल्यांदा भेटतं, आणि तिथेही बाटल्या एकाकडे, नोंदवही दुसऱ्याकडे. जात श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी दाखवलं होतं. आमच्या टीममध्ये जातीचा उच्चारही न होता तेच घडलं.

याचा तोटा फक्त आपल्या करिअरला होत नाही, संशोधनही चुकतं. आमच्या नमुन्यांत वस्तीच्या टोकाला असलेल्या हातपंपाचं नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर निघालं. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं आणि त्यात सवलत नाही. टीममध्ये ठरलं, की ही नोंद अपवादात्मक आहे, ती वगळून सरासरी काढू. सरासरीने गावाचं पाणी चांगलं ठरत होतं. त्या हातपंपाशेजारी शोषखड्डे आहेत, अख्ख्या गावाची गटारं तिथेच येऊन थांबतात, हे बायकांनी मला सांगितलं होतं. पण नोंदवही माझ्याकडे नव्हती आणि बायकांचं बोलणं कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं. मी हट्ट धरला. आम्ही परत गेलो, पुन्हा नमुना घेतला, जवळच्या आणखी दोन ठिकाणचेही घेतले. तिन्ही वर निघाले. अहवालात ते गेले, पण परिशिष्टात.

सरासरी असंच लपवते. २०११ च्या जनगणनेत आवारातच पाण्याची सोय असलेली घरं देशात सुमारे ४७ टक्के होती. अनुसूचित जातींमध्ये ती सुमारे ३५ टक्के आणि अनुसूचित जमातींमध्ये सुमारे २० टक्के होती. एकच आकडा पाहिला असता तर हा फरक दिसलाच नसता. आकडा कुणाकुणाचा वेगळा मोजायचा, हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं.

पाणी शुद्ध की अशुद्ध हे ठरवण्याचा अधिकार या देशात फार काळ विशिष्ट लोकांकडे राहिला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची हजारो माणसं प्यायली. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केलं. आधीचा आणि नंतरचा नमुना तपासला असता तर दूषित कोणता निघाला असता, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. मोजमाप शिकणं म्हणजे शुद्ध-अशुद्ध ठरवण्याचा तो अधिकार हातात घेणं. म्हणून नोंदवही कुणाकडे हा प्रश्न छोटा नाही.

विभागांकडून मागायच्या गोष्टी साध्या आहेत. टीममधली कामं रोज बदलावीत. बाटली धरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी नोंद करावी, नोंद करणाऱ्याने बाटल्या विसळाव्यात. नमुन्याची ठिकाणं निघण्याआधी लिहून काढावीत आणि त्यात प्रत्येक वस्ती असावी. प्रवासखर्च आधी मिळावा. ‘आता स्वतः भरा, बिल नंतर मंजूर होईल’ या एका वाक्याने आपल्यातले किती तरी जण फील्डवर्कमधून गळतात. अहवालात कुणी काय केलं ते नावानिशी छापावं.

आणि हे मिळेपर्यंत थांबायचं नाही. पहिल्याच दिवशी नोंदवही मागा. हसतील, हसू द्या. मूळ आकड्यांची प्रत स्वतःकडे ठेवा. नकाशे करायला क्यूजीआयएस फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, ते शिकून घ्या. वस्तीबद्दलची तुमची माहिती ही ‘अनुभव’ म्हणून बाजूला ठेवायची गोष्ट नाही. कुठला नमुना घ्यायचा हे ज्याला कळतं, त्याला अर्धं संशोधन येतं. उरलेलं अर्धं शिकायचा आपला हक्क आहे.

शेवटी, निकाल परत घेऊन जा. मी तो कागद मराठीत लिहून त्या हातपंपावर नेला तेव्हा एका आजींनी विचारलं, “मग आता प्यायचं कुठलं?” या प्रश्नाचं उत्तर माझ्या परिशिष्टात नव्हतं. माझी पीएचडी त्या प्रश्नापासून सुरू झाली.