यंत्राचे दान झाले, निगा कोण राखणार?

निमाडच्या उन्हाळ्यात आपल्या मनावरसारख्या गावी पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढणे नवलाचे नाही. पौष-माघात रात्रीचा गारठाही बाधतो. मोठी माणसे हे सोसून नेतात. नवजात अर्भकाला ते शक्य नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावयास हवे. खोली तापली की बाळाच्या अंगातील पाणी कमी होते, ताप चढतो आणि त्या तापाला जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकेही सुरू होतात. उलट थंड हवेचा झोत थेट अंगावर आला, तर ते गारठून दूध ओढेनासे होते. म्हणून बालकक्षाचे तापमान योग्य राखणे ही चैन नसून उपचाराचाच एक भाग आहे.

ही जाणीव समाजात रुजली आहे ही समाधानाची बाब होय. वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ रुग्णालयाला वातानुकूलन यंत्र वा कूलर देणारे दाते पुढे येतात. नारळ फुटतो, भिंतीवर नाव लागते. परंतु त्या यंत्राची जाळी कोणी आणि किती दिवसांनी धुवावी, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

मोठ्या रुग्णालयातील फॅन कॉइल युनिट असो वा आपल्याकडील भिंतीवरचे साधे यंत्र, रचनेचे तत्त्व एकच. पंखा खोलीतील हवा ओढतो, जाळी धूळ अडवते आणि हवा थंड किंवा गरम कॉइलवरून फिरून पुन्हा खोलीत येते. थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या ट्रेमध्ये साठते व नळीवाटे बाहेर जाते. कॉइल, जाळी, ट्रे आणि नळी ही चार ठिकाणे स्वच्छ असली की यंत्र नीट चालते. दुर्लक्ष झाले की बिघाडही तेथेच सुरू होतो.

आपल्याकडे रस्त्यांची धूळ आहेच. कापसाच्या हंगामात त्यात बारीक तंतूंची भर पडते. जाळी तुंबली की हवा कमी येते, खोली थंड होत नाही, यंत्र अखंड चालत राहते आणि विजेचे बिल वाढते. ओल्या कॉइलवर धुळीचा थर बसून बुरशी धरते. दमेकरी मुलांना ती बाधते आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांना अधिक घातक ठरू शकते. नळी तुंबली की ट्रेमधील पाणी भिंतीत मुरते, कधी विजेच्या जोडणीपर्यंतही पोहोचते. कूलरची तऱ्हा निराळी. त्याच्या टाकीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. डेंग्यूच्या रुग्णावर उपचार करणाऱ्या वास्तूतच त्याचा डास पोसला जावा, याहून मोठी विसंगती कोणती?

आणखी एक गैरसमज दूर व्हावयास हवा. अशी बहुतेक यंत्रे खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा फिरवतात. त्यांची जाळी धूळ अडवते. गोवर वा क्षयाचे जंतू नव्हे. खिडक्या बंद करून यंत्र लावले म्हणजे हवा शुद्ध झाली, असे मानणे धोक्याचे आहे. ताजी हवा आत येण्याची सोय स्वतंत्रपणे करावीच लागते.

विजेच्या बाबतीत आपण भीषण धडे पाहिले आहेत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत १० अर्भके दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरार येथील विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. तिचा आरंभ वातानुकूलन यंत्रापासून झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच प्रदेशाच्या राजधानीत, भोपाळच्या हमीदिया रुग्णालय परिसरातील बालकक्षात आग भडकली. सर्वच ठिकाणी दोष वातानुकूलन यंत्राचा होता असे नव्हे. तथापि बंद खोली, दिवसरात्र चालणारी उपकरणे आणि प्राणवायू जेथे एकत्र येतात, तेथे एका सैल जोडणीचीही गय करता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित समजते.

‘हे मेकॅनिकचे काम, डॉक्टरांचे नव्हे,’ असे काही व्यवसायबंधू म्हणतील. दुरुस्ती मेकॅनिकनेच करावी. परंतु ती वेळेवर झाली की नाही, हे पाहणे कक्षप्रमुखाचे कर्तव्य आहे. सलाईन परिचारिका लावते, म्हणून आपण तिची नोंद पाहणे सोडत नाही. खर्चाची अडचण मात्र खरी आहे. दहा खाटांच्या रुग्णालयाला स्वतंत्र तंत्रज्ञ ठेवणे परवडत नाही. त्यावर उपाय एकच: गावातील सर्व डॉक्टरांनी मिळून एका कुशल तंत्रज्ञाशी वार्षिक करार करावा.

प्रत्येक यंत्राशेजारी एक तक्ता टांगावा. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. कॉइल, ट्रे व नळी उन्हाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात गरम हवा सुरू करण्यापूर्वी साफ करावी. कूलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, घासून, सुकवावा. तारा व जोडण्यांची तपासणी वर्षातून एकदा परवानाधारक वीजतज्ज्ञाकडून व्हावी. प्रत्येक नोंदीखाली तारीख व सही असावी आणि जळका वास येताच यंत्र बंद करण्याचा अधिकार कक्षातील परिचारिकेला असावा. त्यासाठी तिला कोणाची वाट पाहावी लागू नये.

समाजबांधवांना माझी नम्र विनंती आहे, की यापुढे यंत्र देताना त्यासोबत पाच वर्षांच्या देखभालीची रक्कमही द्यावी. नवे यंत्र देणे शक्य नसेल, तर जुन्याचा एका वर्षाचा खर्च उचलावा. या दानाला समारंभ लाभणार नाही, कदाचित भिंतीवर नावही लागणार नाही. पण नवतपाच्या ऐन दुपारी, कक्षात बाळ शांत निजलेले असेल, ते या दानाच्याच बळावर.